मोटारसायकलींचे कंपाउंडर

मोटारसायकल चाटून बघणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे.

आमच्या आळीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर, एक निळी मोटारसायकल उभी होती. विकणारा सावर्ड्याहून आला होता. गाडी घेतल्यापासून पडवीत उभी असते, समुद्राचं तोंडसुद्धा तिने पाहिलेलं नाही, असं तो सांगत होता. घेणारा म्हणजे आमच्या आळीतला प्रकाश टेलर, तो मान डोलावत होता. एवढ्यात शांतारामकाका दोघांच्या मधून वाकले. मागच्या मडगार्डच्या आतून त्यांनी बोट फिरवलं, ते जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. समाधान झालं नसावं. कारण मग त्यांनी धोतर सावरून मान तिरकी केली आणि सरळ मडगार्डलाच जीभ लावली. गिरणीतल्या बायका डबे टाकून बाहेर आल्या.

“सावर्ड्याला मीठ कधीपासून पिकायला लागलं?” काकांनी विचारलं.

विकणाऱ्याने आधी देवाची शपथ घेतली, मग आईची. मग म्हणाला की मध्ये दोनच वर्षं गाडी जयगडला मेहुण्याकडे होती. मेहुणा काय करतो, असं काकांनी विचारल्यावर तो आरसा पुसायला लागला. काकांनी सीट उचलून कॅरियरच्या नटांची भोकं दाखवली. त्यांच्याभोवतीचा पत्रा बिस्किटासारखा चुरत होता. मासळीच्या टोपल्यांचं पाणी दोन वर्षं त्यावर ठिबकलं होतं.

“समुद्राचं तोंड नसेल बघितलं,” काका म्हणाले, “पण त्याचं सगळं खानदान पाठीवर घेऊन फिरलीय.”

हे सगळं मी खिडकीतून पाहिलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि बऱ्याचशा गोष्टी खिडकीतूनच पाहत असे.

शांतारामकाका मेकॅनिक नव्हते. त्यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती, सायकलसुद्धा येत नव्हती. मागच्या सीटवर बसायलाही ते तयार नसत. बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात ते बत्तीस वर्षं कंपाउंडर होते. बाटलीवरची चिठ्ठी निघून गेली की औषध कोणतं ते जिभेवर ठेवून ओळखायचं, ही त्यांची तिथली कीर्ती. पुढे डॉक्टर वारले आणि दवाखान्याच्या जागी व्हिडिओ कॅसेटचं दुकान आलं. डॉक्टरांच्या बाईंनी आठवण म्हणून डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप काकांना दिला. काकांनी तो खुंटीला टांगला, दोन महिने त्याच्याकडे बघत पडवीत फेऱ्या मारल्या, आणि कुणीतरी सहज सोबत म्हणून त्यांना जुनी गाडी बघायला घेऊन गेलं तेव्हा जाताना तो खांद्यावर टाकला. तेव्हापासून आमच्या भागात काकांना दाखवल्याशिवाय कुणी जुनी मोटारसायकल घेत नसे.

नाव शांताराम, पण त्या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने. पेपर चालता चालता. आतलं पान उलटायची वेळ आली की कोपऱ्यावर वळून. पडवीत अकरा पावलं जायची आणि अकरा यायची. एसटीत जागा रिकाम्या असल्या तरी ते दाराजवळच्या दांड्याला धरून उभे, आणि कंडक्टर बदलला की नव्या कंडक्टरशी यावरून एकदा वाद. एकदा माझ्या आईने, तुम्हाला पाहून मलाच धाप लागते, जरा टेका तरी, असं म्हटलं तर ते म्हणाले, “टेकलो की सगळं आठवायला लागतं, वहिनी.” आईला वाटलं चेष्टा. मीही तसंच समजले.

घरात ते एकटेच असत. काकू मुंबईला मुलाकडे गेल्या होत्या, नातू लहान म्हणून, चार महिन्यांसाठी. कुणी विचारलं तर काका अजूनही चार महिनेच सांगत. नातू त्या वर्षी दुसरीत गेला होता. तुम्हीच का नाही जात मुंबईला, असं लोक विचारत, त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “चालायला जागा नाय त्या घरात. सारखे बसा बसा बोलतात. माणूस बसणार किती?”

गाडी तपासायची त्यांची पद्धत म्हणजे दवाखानाच. गाडी बघायला आम्ही अमक्या वाजता येतो, असं विकणाऱ्याला सांगायचं आणि तासभर आधी जाऊन उभं राहायचं. कारण येणार म्हटल्यावर तो इंजिन तापवून ठेवतो, आणि तापलेली गाडी कुणाच्याही लाथेला उठते. दारात गेल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनावर तळहात ठेवायचा, आई पोराच्या कपाळावर ठेवते तसा. कोमट लागलं की, “ताप हाय. थांबू या उतरेपर्यंत.” आणि मग उतरेपर्यंत त्या माणसाच्या अंगणात फेऱ्या.

गाडीच्या मालकाला ते काही विचारत नसत. त्याच्या बायकोला विचारत. “वहिनी, ही सकाळी कितव्या लाथेला उठते?” मालकाने उत्तर तयार ठेवलेलं असे, बायकोने नसे. ती बिचारी खरं सांगून टाकी. आंघोळ करून आलेले हे लाथा मारूनच घामाघूम होतात, असं एका बाईंनी सांगितलं आणि तो सौदा तिथेच संपला. मग गाडी रोज जिथे उभी राहते ती जागा बघायची. सारवलेल्या जमिनीवर तेलाचा काळा डाग असेल तर “जुलाब”. हँडल धरून पुढचं चाक उचलून हलवायचं. खटखटलं तर “संधिवात”. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणायची, दोन्ही चाकं एका रेषेत नसली तर गाडी कुठेतरी जोरात पडलेली असणार, “हाड मोडून तिरपं बसलंय.” थंड इंजिन सुरू झाल्यावर सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरायचा, तेलाचे काळे ठिपके उडतात का ते बघायला. आणि गाडीच्या पुस्तकातला इंजिनचा नंबर प्रत्यक्ष नंबराशी ताडून बघायचा, एकेक आकडा मोठ्याने वाचत, कारण पेशंट एक आणि केसपेपर दुसऱ्याचा, असे प्रकार त्यांनी दवाखान्यात पाहिले होते. हॉर्न ते कधी वाजवून बघत नसत. हॉर्न सगळ्यांचेच चांगले असतात, असं त्यांचं मत होतं.

गाडीबद्दल ते खोटं बोलत नसत, ही सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट. एकाने गाडी पास व्हावी म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी हापूसची पेटी घरी पाठवली. काकांनी ती ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच्याच अंगणात त्याच्या गाडीचे सात आजार मोजून दाखवले आणि निघताना म्हणाले, “आंबे मात्र निरोगी होते हो. एकात पण डाग नाय.”

आता मी खिडकीतून बाहेर कशी आले ते सांगते.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. शाळेत मराठी बोललं की टीचर हातावर पट्टी मारत आणि घरी इंग्रजी बोललं की आजूबाजूचे हसत, त्यामुळे मी एकूणच कमी बोलायला शिकले. पदवी झाल्यावर जयगडच्या वाटेवरच्या एका गावात नव्याने निघालेल्या इंग्रजी शाळेत मला नोकरी मिळाली. पहिली-दुसरीची मुलं. त्यांच्यासमोर मला बोलता येई. वर्गात उभी राहिले की माझा आवाज मलाच नवा वाटे. ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी असलेली दुसरी गोष्ट तोवर माझ्या आयुष्यात नव्हती.

अडचण एकच. शाळेची घंटा पावणेआठला व्हायची आणि रत्नागिरीहून सुटणारी पहिली एसटी मला सव्वाआठला फाट्यावर सोडायची. वर्षभर हेडबाईंनी सांभाळून घेतलं. एप्रिलमध्ये त्यांनी बोलावून सांगितलं की जूनपासून घंटेला हजर असाल तर जागा तुमची, नाहीतर गावातल्याच एका मुलीचा अर्ज आलेला आहे. तिथे खोली घेऊन एकटीने राहायला बाबांची परवानगी नव्हती. ती मिळणार नाही हे मला विचारायच्या आधीच माहीत होतं. मग मी त्याहून मोठी गोष्ट विचारली. खेडच्या मामेभावाने सुटीत मला त्याची मोटारसायकल नदीकाठच्या मैदानात शिकवली होती. घरी हे ठाऊक नव्हतं. मी जेवताना म्हटलं की मी जुनी मोटारसायकल घेते.

बाबा कोषागारात कारकून. त्यांनी आमटीत भात कालवला, तो संपवला, हात धुतला आणि म्हणाले, “शांताराम पास करील ती घे.” त्यांना वाटलं, हा नाही म्हणण्याचा सभ्य मार्ग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या पायऱ्यांशी उभी राहिले. काय बोलायचं ते घरून ठरवून नेलं होतं, तरी अर्धंच आलं. काका अकरा पावलं गेले, अकरा आले. ते हसतील अशी माझी खात्री होती. गावात मोटारसायकलवर बसणारी मुलगी तोवर मागच्या सीटवरच, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसत असे.

“मोपेड का नको?” त्यांनी विचारलं.

वाटेत दोन मोठे चढ आहेत, असं मी सांगितलं.

“बरोबर. चढावर ती तुला नेणार की तू तिला नेणार?” त्यांनी खुंटीवरून स्टेथोस्कोप काढला. “अक्षर बरं हाय ना गो तुझं? वही घे एक. टीचर, आजपासून केसपेपर तू लिहायचा.”

तो एप्रिल आणि मे मी एसटीत काढला. बुधवारी, रविवारी, कुणी सांगेल त्या दिवशी, कुणी सांगेल त्या गावी. काका दांड्याला धरून उभे आणि मी खिडकीशी, मांडीवर वही. शाळा उघडायला किती दिवस उरले ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत असे आणि रोज खोडून नवा आकडा टाकत असे. मला रात्रीची झोप लागेना आणि दिवसा हातात काही धरवेना. फेऱ्या मारायची सवय मलाही लागली. आई म्हणाली, एक शांताराम आळीला पुरे होता.

खेडची गाडी तापवून ठेवलेली होती. ताप उतरायला सव्वा तास लागला, तेवढ्यात काकांनी मालकाच्या अंगणातलं गवत चालून चालून झोपवलं. थंड झाल्यावर ती उठलीच नाही. जयगडची गाडी चाटायचीही गरज पडली नाही. मांजर तिच्यापासून हलत नव्हतं. एकीला निळा धूर, एकीचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला. मी लिहीत गेले. नाव, गाव, वय, किती हातांतून गेली, तक्रार काय. विकणारे माझ्याकडे बघत आणि काकांना विचारत, गाडी कोणासाठी? काका वहीकडे बोट दाखवत. “डॉक्टर त्या. मी बाटल्या भरतो.” मी मान खाली घालून लिहीत राही. पण चौथ्या-पाचव्या गाडीला माझ्या लक्षात आलं की वहिनींना कितव्या लाथेला उठते ते आता मीच विचारते आहे.

परतीच्या एसटीत काका खुशीत असत. गाडी नापास झाली की जास्तच. मी काळजीने पोखरून निघालेली आणि हे दांड्याला धरून शीळ घालणार. स्टँडवर उतरलं की, “मग बुधवारी?” असं विचारणार. एकदा मला ताप होता म्हणून मी गेले नाही, तर आईने सांगितलं की काका सकाळपासून चार वेळा आमच्या फाटकापर्यंत येऊन गेले, आत काही आले नाहीत.

सावर्ड्याची गाडी मला आवडली होती. एका किराणा दुकानदाराची, काळी, शंभर सीसीची, टाकीवर एक ओरखडा नाही. पहिल्या लाथेला उठली. रुमाल पांढरा राहिला. सुतळी सरळ. काकांनी दुकानदाराला ती समोरच्या चढावर न्यायला सांगितली आणि स्वतः खाली रस्त्याकडेला कान देऊन उभे राहिले. गाडी वर जाऊन आली.

“तिसऱ्या गिअरला दमा,” काका म्हणाले. “चढावर सुटतो.”

दुकानदार म्हणाला, आजवर कधी सुटला नाही. मलाही काही ऐकू आलं नव्हतं. मी लिहिलं, पण पेन्सिल जरा जोरात दाबून.

दुसऱ्या दिवशी आळीच्या तोंडाशी प्रकाश टेलर भेटला. निळी गाडी सोडून त्याने पुढे काकांच्याच पसंतीने दुसरी घेतली होती. अजून मिळाली नाही का, म्हणून त्याने विचारलं आणि हसला. म्हणाला की मलाही त्यांनी सात महिने फिरवलं. तुझी गाडी मिळाली की तू जाणार आहेस का त्यांच्या दारात? मी तरी कुठे जातो?

त्याने ते सहज म्हटलं, पण मला घरी जाईपर्यंत ते सुटेना. मग मी पडवीकडे नीट बघायला लागले. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की काका फेरी अर्धी टाकून कठड्याशी यायचे. चालवणारा त्यांनीच पास केलेल्या गाडीवर असायचा. तो हॉर्न वाजवायचा, काका हात वर करायचे, गाडी निघून जायची. वर केलेला हात ते जरा उशिरा खाली घ्यायचे. असे किती जण होते आळीत, मी मोजले. नऊ. नवांपैकी एकाचीही गाडी त्या पायऱ्यांशी थांबलेली मला आठवेना.

तेव्हा मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. शाळा उघडायला बारा दिवस राहिले होते. या माणसाला सोबत हवी म्हणून माझी नोकरी जाणार, तिसरा गिअर बिअर काही सुटत नाही, असं माझ्या मनाने घेतलं आणि दुसऱ्या सकाळी मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी एकटी सावर्ड्याच्या एसटीत बसले.

दुकानदाराने मला ओळखलंच नाही. वही नव्हती म्हणून असेल. मीच बोलले. गाडी चालवून बघायची आहे, चढावर. त्याने माझ्याकडे, मग रस्त्याकडे, मग दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि किल्ली दिली. हायवेवर मी त्याआधी कधी गाडी चालवली नव्हती. पण गाडी छान पळाली. चढ लागला, मी तिसरा टाकला, मूठ पिळली, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने काहीतरी इंग्रजीत म्हणाले. अर्ध्या चढावर पायाखाली खट् झालं. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडीतला जोर गेला. मागून मालट्रक येत होता. त्याने हॉर्न धरूनच ठेवला. मी कशीबशी कडेला मातीत उतरले, ट्रक अंगावरून वारा टाकत गेला. धीर करून पुन्हा बघितलं. पुन्हा सुटला. उतारावर नाही, सपाटीवर नाही. फक्त चढावर, जिथे मला ती रोज दोनदा न्यायची होती.

संध्याकाळी मी आळीत शिरले तेव्हा काका कठड्याशी होते. मी मान खाली घालून पुढे निघाले.

“टीचर,” त्यांनी हाक मारली. मी थांबले. ते माझ्या चपलांकडे बघत होते. चपला, पाय, सलवारची कड, सगळं चढावरच्या मातीने माखलं होतं.

“सुटला ना?” त्यांनी विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं.

“दुसऱ्याचं मत घ्यावं माणसाने. डॉक्टर पण सांगायचे पेशंटला,” काका म्हणाले. मग जरा थांबून, “पण एकटी नको जाऊ गो बाय. मालट्रक असतात त्या चढाला.”

माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

शाळा उघडायला पाच दिवस असताना मिरजोळ्याच्या वाटेवर एका निवृत्त मास्तरांची गाडी विकायची असल्याचं कळलं. मास्तरांचे गुडघे गेले होते. आम्ही तासभर आधी गेलो तेव्हा गाडी जुन्या चादरीखाली होती आणि इंजिन थंडगार. मास्तरीण बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, “पहिल्याच लाथेला. दुसरी मारावी लागली तर दिवसभर आमच्याशी बोलत नाहीत.”

उभी राहायची ती जागा कोरडी. हँडल गच्च. सुतळी सरळ. नंबर जुळला. काकांनी मडगार्डच्या आतून बोट फिरवून जिभेवर ठेवलं, नुसती माती. मग ते गाडीभोवती फिरले. एकदा, दोनदा, पाचदा. स्टेथोस्कोप कानात घालून त्यांनी इंजिनाच्या चारी बाजू ऐकल्या. मास्तरांनी आपल्या पुतण्याला गाडी चढावर न्यायला लावलं, एकदा नाही, तीनदा. काका रस्त्याकडेला डोळे मिटून उभे. मी वही उघडून तयार होते. माझं काळीज इतक्या जोरात उडत होतं की स्टेथोस्कोप लागलाच नसता.

एक शब्द पुरला असता. बारीकशी घरघर, थोडासा दमा. मी विश्वास ठेवला असता. सावर्ड्यानंतर मी त्यांच्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवला असता. हे त्यांनाही कळत होतं.

काका अंगणात परत आले आणि तुळशीच्या कट्ट्याशेजारच्या दगडावर बसले. बसले. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होते. ते अंगाने एवढे लहान आहेत हे मला माहीत नव्हतं.

“लिही,” ते म्हणाले. “तक्रार नाही.”

मी लिहिलं. परतीच्या एसटीत त्यांनी शीळ घातली नाही. स्टँडवर, मग बुधवारी, असंही विचारलं नाही. वही मी त्यांना द्यायला गेले तर म्हणाले, ठेव तुझ्याकडे, पानं उरलीत बरीच.

शाळा उघडली त्या दिवशी मी घंटेच्या दहा मिनिटं आधी पोचले. हेडबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं आणि हजेरीपट पुढे केला. वाटेत लोक बघतात. पहिल्या आठवड्यात जास्त बघत होते. बाबा रोज सकाळी मी निघेपर्यंत अंगणात काहीतरी काम काढतात आणि गाडी पहिल्या लाथेला उठली की आत जातात.

काकांच्या घरावरून जाताना मी हॉर्न वाजवायची. ते हात वर करायचे. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी वळणावर मी आरशात पाहिलं. गाडी केव्हाच पुढे आली होती आणि त्यांचा हात अजून वरच होता. हॉर्न वाजवून निघून जाणाऱ्या त्या नऊ जणांनंतरची मी दहावी झाले होते.

रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि चाळीस पावलांवरच्या त्या पायऱ्यांशी नेऊन थांबवली. मला खोटं बोलता येत नाही. बोलायलाच फारसं येत नाही, त्यात खोटं कुठून येणार? वाक्य मी शनिवारपासून घोकलं होतं.

“काका, गाडीत कसलातरी आवाज येतोय.”

ते फेरी टाकून आले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. खुंटीवरचा स्टेथोस्कोप घेऊन पायऱ्या उतरले. तळहात इंजिनावर ठेवला. मला सुरू करायला सांगितलं. मी लाथ मारली, पहिलीच. आणि गाडी अशी सुरू झाली की तिच्याबद्दल वाईट बोलायची मलाच लाज वाटली. एकसारखा, स्वच्छ, मास्तरांच्या शिस्तीतला आवाज. काका इंजिनावर वाकले, चकती टेकवली आणि डोळे मिटले. इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. गाडीबद्दल हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. हापूस खाऊनसुद्धा नाही.

“आहे,” शेवटी ते म्हणाले. “बारीक आहे. पण आहे.”

“काय असेल, काका?”

“आत्ताच नाय सांगता येणार. रविवारच्या रविवार दाखवायला लागेल.” ते पायरीवर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडली. “वही आणलीस ना? काढ केसपेपर.”

मी वही उघडली, तारीख घातली, आणि तक्रार लिहायला मान वर केली तेव्हा मला दिसलं. स्टेथोस्कोपच्या नळ्या त्यांच्या गळ्यातच लोंबत होत्या. त्या त्यांनी कानात घातल्याच नव्हत्या.